आयबीएससाठी लो-फॉडमॅप आहार: मराठी स्वयंपाकघरात टप्प्याटप्प्याने कसा करावा

आयबीएस म्हणजे इरिटेबल बॉवेल सिंड्रोम, आतडं हळवं होऊन पोट वारंवार दुखण्या-फुगण्याचा आणि शौच बिघडण्याचा त्रास. त्याचं पथ्य बहुतेक घरांत एकाच वाटेने जातं. कोणी गहू बंद करायला सांगतं, कोणी दूध, कोणी डाळी. काही वर्षांनी ताटात मऊ भात आणि उकडलेला बटाटा एवढंच उरतं, आणि पोट तरीही गुबारतंच. बंद केलेलं काहीच नीट तपासून परत सुरू केलेलं नसतं, म्हणून कशाने त्रास होतो ते कधी कळत नाही.

लो-फॉडमॅप आहार, म्हणजे पोटात आंबणाऱ्या काही साखरा कमी केलेला आहार, हे शोधण्यासाठी आहे. मेलबर्नच्या मोनॅश विद्यापीठातले पीटर गिब्सन आणि सू शेफर्ड यांनी २००५ साली फॉडमॅप हा शब्द वापरात आणला. पद्धत तीन टप्प्यांची आहे: दोन ते सहा आठवडे कडक पथ्य, मग साधारण सहा ते आठ आठवडे एकेक गट परत खाऊन बघणं, आणि शेवटी ज्याचा खरोखर त्रास होतो तेवढंच कमी ठेवणं. पहिला टप्पा बरेच जण पार पाडतात. दुसऱ्याआधीच बहुतेकांची गाडी थांबते, कारण बरं वाटायला लागलेलं असतं आणि पुन्हा दुखणं ओढवून घ्यायला कोण तयार होणार? पण पहिल्याच टप्प्यावर थांबणं म्हणजे रक्त तपासायला देऊन रिपोर्ट आणायलाच न जाणं.

आत काय घडतं

फॉडमॅप म्हणजे लहान आतड्यात नीट न शोषल्या जाणाऱ्या काही साखरा. गहू, कांदा आणि लसूण यांत फ्रुक्टॅन असतं. डाळी-कडधान्यांत गॅलॅक्टो-ऑलिगोसॅकराइड असतात, त्यांना पुढे ‘गॉस’ म्हणू. दुधात लॅक्टोज असतं. मध, आंबा, सफरचंद यांत ग्लुकोजपेक्षा जास्त असलेलं फ्रुक्टोज, आणि काही फळं-भाज्या व ‘शुगर-फ्री’ गोळ्यांत सॉर्बिटॉल, मॅनिटॉल हे पॉलिऑल.

या साखरा आतड्यात पाणी ओढून घेतात आणि मोठ्या आतड्यात पोचल्या की तिथले जीवाणू त्या आंबवतात. त्यातून वायू तयार होतो आणि आतडं ताणलं जातं. वायू कोणाच्याही पोटात होतो. आयबीएसमध्ये आतड्याच्या नसा हळव्या झालेल्या असतात, म्हणून तेवढ्याच ताणाची कळ होते. म्हणजे ही ॲलर्जी नाही. इथे सगळा खेळ प्रमाणाचा आहे: अर्धी पोळी पचते आणि तीन पोळ्या पचत नाहीत, असं खुशाल होऊ शकतं.

मोनॅशच्याच गटाने २०१४ साली ३० आयबीएस रुग्णांना २१ दिवस लो-फॉडमॅप आणि २१ दिवस नेहमीचा ऑस्ट्रेलियन आहार दिला. ० ते १०० च्या पट्टीवर पोटाच्या त्रासाचा सरासरी आकडा नेहमीच्या आहारात ४४.९ होता, लो-फॉडमॅपवर तो २२.८ झाला. त्रास निम्म्यावर आला, शून्यावर नाही. अपेक्षा तेवढीच ठेवा.

पायरी १: आधी तपासण्या, मग पथ्य

हा क्रम उलटा झाला तर नुकसान होतं. गहू बंद करण्याआधी सिलिॲकची (गव्हातल्या ग्लुटेनमुळे आतड्याला इजा होण्याच्या आजाराची) रक्ततपासणी, म्हणजे टीटीजी-आयजीए, करून घ्या. ही तपासणी खरी निघायला तपासणीआधी किमान सहा आठवडे रोज एकाहून अधिक जेवणांत गहू पोटात जात असायला हवा. दोन महिने ज्वारीवर राहून मग तपासलं, तर सिलिॲक असूनही रिपोर्ट नॉर्मल येऊ शकतो. सिलिॲकमध्ये गहू आयुष्यभर आणि कणभरही चालत नाही, त्यामुळे ही चूक महागात पडते.

त्यासोबत हिमोग्लोबिन, सीआरपी (शरीरातली सूज दाखवणारी रक्ततपासणी), थायरॉइड आणि शौचाची कॅलप्रोटेक्टिन तपासणी करायची का, हे डॉक्टरांना विचारा. क्रोन्स किंवा अल्सरेटिव्ह कोलायटिसमध्ये आतड्याला सूज असते आणि कॅलप्रोटेक्टिन वाढतं. आयबीएसमध्ये ते सहसा वाढत नाही. आपल्याकडे आतड्याचा क्षयही विसरून चालत नाही.

शौचातून रक्त, विनाकारण घटणारं वजन, रात्री झोपेतून उठवणारे जुलाब, ताप, रक्तक्षय, पन्नाशीच्या आसपास पहिल्यांदाच सुरू झालेला त्रास, घरात आतड्याच्या कर्करोगाचा इतिहास: यांपैकी काहीही असेल तर हा लेख बाजूला ठेवून आधी पोटविकारतज्ज्ञांकडे जा.

आव पडणं मात्र या यादीत नाही. आयबीएसमध्येही आव पडते, आणि केवळ तेवढ्यावरून ‘जुनाट आमांश’ ठरवून वर्षानुवर्षं मेट्रोनिडॅझोल या अँटिबायोटिकचे कोर्स घेणारे लोक कमी नाहीत.

क्रोन्स किंवा कोलायटिस आटोक्यात असूनही पोट गुबारत असेल, तर आहारतज्ज्ञ हाच आहार काही आठवडे देतात. त्याने गॅस आणि कळ कमी होते, सूज नाही. मेसालामाइन किंवा दुसरं चालू औषध या भरवशावर बंद करू नका. आतडं अरुंद झालेलं असेल तर चोथ्याचं प्रमाणही डॉक्टरांनीच ठरवायला हवं.

वजन आधीच कमी असेल, गरोदरपण असेल, खाण्याची भीती बसलेली असेल किंवा रुग्ण लहान मूल असेल, तर हा प्रयोग एकट्याने करू नये. मधुमेह असेल तर आधीच सांगितलेलं बरं: गहू आणि डाळी जाऊन भात, बटाटा, साबुदाणा वाढला की साखर चढते. अशा वेळी ज्वारी-बाजरीवर भर द्यावा लागतो आणि औषधाचा डोस बघावा लागतो.

पायरी २: तीन-चार आठवडे साधे बदल

२०१५ साली स्वीडनमध्ये ७५ रुग्णांवर झालेल्या अभ्यासात लो-फॉडमॅप आणि साधा पारंपरिक सल्ला यांचा परिणाम जवळजवळ सारखाच दिसला. दोन्हींकडे साधारण निम्म्या लोकांना फरक पडला. म्हणून सोपं आधी करून बघा.

जेवणाच्या वेळा ठरवा आणि सकाळचं खाणं टाळू नका. दिवसभर उपाशी राहून रात्री दहाला भरपेट जेवणं हे आयबीएसला सगळ्यात वाईट. चहा-कॉफी मिळून दिवसाला तीन कप, त्याहून जास्त नको. सोडा, कोल्ड्रिंक, दारू, तळण आणि लाल तिखट कमी करा. तिखट फॉडमॅप नाही, पण त्यातलं कॅप्सायसिन हळव्या आतड्याला झोंबतं. मिसळ खाऊन पोट बिघडलं तर दोष मटकीचा, कांद्याचा, कटाच्या तर्रीचा की पावाचा, हे कोणालाच सांगता येणार नाही.

बद्धकोष्ठ असेल तर इसबगोल घ्या. रोज एका छोट्या चमच्यापासून सुरुवात, मोठ्या पेलाभर पाण्यात कालवून लगेच प्यायचं, वर आणखी पाणी. आठवड्याने दोन चमचे. कोरडं किंवा घोटभर पाण्यात घेतलं तर ते घशात फुगून अडकू शकतं. कोंडा वाढवून मात्र आयबीएसमध्ये अनेकांचं पोट जास्तच फुगतं.

महिन्याभरात पुरेसं बरं वाटलं तर इथेच थांबा. पुढचं सगळं खटाटोपाचं आहे.

पायरी ३: कडक टप्पा, दोन ते सहा आठवडे

सुरुवातीची तारीख आणि शेवटची तारीख, दोन्ही कॅलेंडरवर लिहा. सण, लग्न, परीक्षा मध्ये येत नाहीत ना, ते बघा.

कांदा आणि लसूण हे पहिलं आणि सगळ्यात मोठं काम. सुदैवाने आपल्याकडे याचा सराव आहे. चातुर्मासात कांदा-लसूण सोडणाऱ्या घरांत जे शिजतं, ते या टप्प्यासाठी जवळजवळ तयार पुस्तकच आहे. वांगं मात्र चातुर्मासात वर्ज्य असलं तरी इथे चालतं. गोड्या मसाल्यात कांदा-लसूण नसतो, तो चमचाभर घालायला हरकत नाही. कांदा-लसूण मसाला आणि विकतची तयार वाटणं बंद. पातीच्या कांद्याची हिरवी पात चालते, खालचा पांढरा भाग नाही. भाजीला कांद्याची चव हवी असेल तर पात बारीक चिरून गॅस बंद करताना घाला.

लसणाचा वास मात्र सोडावा लागत नाही. फ्रुक्टॅन पाण्यात विरघळतं, तेलात नाही. कढल्यात चार मोठे चमचे शेंगदाणा तेल घ्या, त्यात सोललेल्या सहा-सात अख्ख्या पाकळ्या घाला. ठेचू नका, चिरू नका. मंद आचेवर पाकळ्या सोनेरी होईपर्यंत, चार-पाच मिनिटं ठेवा आणि झाऱ्याने सगळ्या बाहेर काढा. मग याच तेलात मोहरी, जिरं, कढीपत्ता, हळद. चूक इथे होते: लसूण फोडणीत तसाच राहतो आणि वर वरण ओतलं जातं. पाणी आलं की फ्रुक्टॅन पाकळीतून वरणात उतरतं, मग पाकळ्या ताटाच्या कडेला काढून ठेवून काही उपयोग नाही. तेल लागेल तेवढंच करा. उरलं तर फ्रिजमध्ये ठेवा आणि दोन-तीन दिवसांत संपवा. लसणाचं घरगुती तेल बाहेर ओट्यावर ठेवलं तर त्यात बोट्युलिझमचे, म्हणजे जीवघेण्या विषबाधेचे, जीवाणू वाढू शकतात.

बाजारातला हिंग बहुधा मैदा किंवा तांदळाचं पीठ आणि डिंक मिसळून बांधलेला असतो. आयबीएससाठी फोडणीतल्या चिमटीने फरक पडत नाही. सिलिॲक असेल तर पडतो.

पोळी बंद म्हणजे रवा, मैदा, पाव, शेवया, खारी, टोस्ट, सगळं बंद. त्याजागी ज्वारी, बाजरी, नाचणी, तांदूळ, पोहे, कुरमुरे, इडली. थालीपिठाची भाजणी चालत नाही, तिच्यात गहू आणि चणाडाळ असते. ‘मल्टिग्रेन’ आटा बहुतेक गहूच असतो, आणि ‘ज्वारीची बिस्किटं’ घेताना घटक वाचा, आधी मैदाच दिसेल. शहरात भाकरीची सवय मोडलेली असते, आणि थापताना ती फाटते म्हणून लोक चौथ्या दिवशी पोळीवर येतात. ज्वारीत चिकटपणा धरणारं ग्लुटेन नाही, म्हणून उकड काढायची: पाऊण वाटी पाणी मीठ घालून उकळा, गॅस बंद करून त्यात वाटीभर ताजं पीठ घालून ढवळा, दहा मिनिटं झाकून ठेवा, मग कोमट असतानाच तळहाताच्या जोराने मऊ मळा. दोन-तीन महिन्यांचं जुनं पीठ वापरलं तर कितीही मळा, ती चिरतेच. गिरणीत आधी गहू दळला गेला असेल तरी आयबीएसला चालतं.

डाळी पूर्ण बंद करायची गरज नाही, प्रमाण सांभाळायचं. शिजलेली मूगडाळ एका जेवणाला चार मोठे चमचे, म्हणजे साधारण ६० मिली. अख्खं कडधान्य आठ-दहा तास भिजवा, ते पाणी फेका, नवीन पाण्यात शिजवा आणि तेही पाणी फेका, कारण गॉस त्या पाण्यात उतरतं. हे एकदा कळलं की कटाची आमटी का फुगवते ते वेगळं सांगावं लागत नाही. ती चणाडाळ उपसलेल्या पाण्याचीच असते. लांब मोड आलेले मूग चांगले, कारण मोड येताना दाणा याच साखरा वापरून टाकतो. राजमा, छोले, वाटाणे, चवळी, बेसनाचे पदार्थ या टप्प्यात नकोत. कांदेनवमीची भजी तर कांदा आणि बेसन एकाच घासात.

दुधात १०० मिलीमागे साडेचार-पाच ग्रॅम लॅक्टोज असतं. चहात एक मोठा चमचा दूध ठीक, आपला अर्धा-दुधाचा चहा नाही. लॅक्टोज काढलेलं दूध आता मोठ्या शहरांत मिळतं, ते घ्या आणि त्याचंच दही विरजा. साध्या दुधाच्या दह्यात विरजणाचे जीवाणू थोडं लॅक्टोज खातात, पण वाटीभर दह्यात बरंच उरतं. तूप, लोणी आणि कडक चीज चालतं. दूध कमी झालं की कॅल्शियमची तूट पडते. नाचणीची भाकरी किंवा आंबील आणि तीळ रोज असू द्या.

फळांत पपई, संत्रं, अननस, पेरू पिकलेला आणि केळं किंचित कच्चं. पूर्ण पिकलेल्या, ठिपके पडलेल्या केळ्यात फ्रुक्टॅन वाढतं. एका वेळी एकच फळ, साधारण वाटीभर. आंबा, सफरचंद, पेर, कलिंगड नको. खजूर, मनुका, अंजीरही नकोत. भाज्यांत बटाटा, गाजर, काकडी, पालक, भेंडी, वांगं, फरसबी आणि हिरवी ढोबळी मिरची. कोबी वाटीभरापर्यंत, टोमॅटो अर्धा. फ्लॉवर, मश्रूम, मटार, बीट बाजूला. ज्या भाजीबद्दल खात्री नाही ती या काही आठवड्यांपुरती राहू द्या. मोनॅशचं स्वतःचं सशुल्क ॲप आहे. त्यात पदार्थ प्रमाणासह हिरव्या, पिवळ्या, लाल रंगात दाखवलेले असतात, बऱ्याच भारतीय डाळीही आहेत.

मांस, मासे, अंडी यांत फॉडमॅप नाही. त्रास वाटणाचा असतो. सुरमई तळायची तर रव्याऐवजी तांदळाच्या पिठात घोळवा. दाण्याचा कूट दोन मोठे चमचे चालतो, बदाम दहा चालतात, काजू-पिस्ते नाहीत. साधी साखर फॉडमॅप नाही, मध आहे.

एक दिवस साधारण असा जाईल. सकाळी चमचाभर दुधाचा चहा. नाश्त्याला बटाटा आणि मूठभर शेंगदाणे घातलेले पोहे, कांदा नाही, वरून लिंबू, कोथिंबीर. दुपारी दोन ज्वारीच्या भाकऱ्या, लसणाच्या तेलातली भेंडी किंवा भरलं वांगं (कूट, खोबरं आणि गोडा मसाला घालून), काकडीची कोशिंबीर, चार चमचे मूगडाळ. चारच्या सुमारास संत्रं किंवा लॅक्टोजविरहित दह्याचं ताक. रात्री भात, अंड्याची किंवा माशाची लसूण न घातलेली आमटी, फरसबी. उपवासाच्या दिवशी फारसं बिघडत नाही: साबुदाणा, बटाटा, जिरं, तूप, शेंगदाणे, सगळं यादीत बसतं. फक्त तूप आणि शेंगदाणे सढळ हाताने पडले की जडपणा येतो. रताळ्याचा कीस मात्र नको, त्यात मॅनिटॉल आहे.

हॉटेलात ‘जैन’ मागवा. कांदा-लसूण टळतो. पण जैन पंजाबी भाजीची ग्रेव्ही बहुधा काजू आणि क्रीमवर उभी असते. उडप्याकडे इडली आणि खोबऱ्याची चटणी सगळ्यात निर्धोक, सांबार सोडा.

पायरी ४: वही

मोबाइलमध्ये किंवा शाळकरी वहीत, पण त्याच वेळी लिहा. रात्री आठवून लिहिलेली नोंद उपयोगाची नसते. काय खाल्लं, किती, किती वाजता. दुखणं आणि गुबारा ० ते १० मध्ये. शौचाचा प्रकार ब्रिस्टल तक्त्याप्रमाणे १ ते ७: १ म्हणजे सुट्या कडक गोळ्या, ४ म्हणजे मऊ आणि एकसंध, ७ म्हणजे निव्वळ पाणी. शिवाय झोप, ताण, आणि पाळीचे दिवस. पाळीत शौच पातळ होणं नेहमीचं आहे, ते अन्नाच्या खात्यावर जायला नको.

नोंदीतून एक गोष्ट लवकर दिसते. लॅक्टोजचा त्रास अर्ध्या तासापासून काही तासांत होतो, पण फ्रुक्टॅन आणि गॉसचा कित्येकदा चार तासांनी किंवा दुसऱ्या दिवशीही होतो. रात्रीच्या पोळ्यांचा गुबारा सकाळी चहा पिताना जाणवतो आणि बिचाऱ्या चहावर आळ येतो.

फरक पडला नाही तर कुठे बघावं

सर्वात आधी औषधांकडे. खोकल्याची आणि पित्ताची अनेक पातळ औषधं सॉर्बिटॉल घालून गोड केलेली असतात. बद्धकोष्ठासाठी दिलं जाणारं लॅक्टुलोज तर स्वतःच आतड्यात आंबणारी साखर आहे. ते परस्पर बंद करू नका, पण डॉक्टरांना पर्याय विचारा.

मग लेबलं. फरसाण, सूपची पाकिटं, चिप्सचे मसाले यांत कांदा-लसणाची पूड असते. कॉफीत चिकरी असेल तर तिच्यातलं इन्युलिनही फ्रुक्टॅनच आहे, आणि ‘फायबर वाढवलेल्या’ बिस्किटांत व प्रोटीनच्या डब्यांतही ते घातलेलं असतं.

तिसरी जागा म्हणजे बेरीज. कोबी वाटीभर चालतो, डाळ चार चमचे चालते, टोमॅटो अर्धा चालतो. पण तिन्ही एकाच ताटात, त्यावर पपई, आणि लगेच मूठभर बदाम, असं झालं की एकेकटी निर्दोष असलेली प्रमाणं एकत्र येऊन ओलांडतात. दोन खाण्यांत तीन तास जाऊ द्या.

हे सगळं सांभाळूनही सहा आठवड्यांत काहीच बदल नसेल, तर हा आहार तुमच्यासाठी नाही. थांबा आणि नेहमीचं जेवण सुरू करा. आणखी कडक करून काही मिळत नाही. औषधं आहेत, मनोपचार आणि आतड्यावर केंद्रित संमोहनाचाही आयबीएसमध्ये उपयोग होतो. पुढचा रस्ता तिकडून जातो.

पायरी ५: एकेक गट परत

बरं वाटत असतानाही हे करायचं, त्याला कारण आहे. फ्रुक्टॅन आणि गॉस हे मोठ्या आतड्यातल्या बायफिडोबॅक्टेरिया या उपयुक्त जीवाणूंचं अन्न आहे, आणि कडक पथ्यावर काही आठवड्यांतच त्यांची संख्या घटते, असं अभ्यासांत दिसलं आहे. शिवाय चोथा आणि कॅल्शियम कमी पडतं.

नियम असे: एका वेळी एकच गट. बाकी जेवण पहिल्या टप्प्यासारखंच. तीन दिवस रोज प्रमाण वाढवत न्यायचं, मग दोन-तीन दिवस विश्रांती, मग पुढचा गट. चाचणीचा पदार्थ असा निवडायचा की त्यात एकच गट असेल. म्हणून सफरचंद चाचणीला निरुपयोगी, त्यात फ्रुक्टोज आणि सॉर्बिटॉल दोन्ही आहेत. बासुंदीत पिस्ते असतील तर लॅक्टोजची चाचणी फुकट.

लॅक्टोजसाठी साधं दूध: पहिल्या दिवशी ६० मिली, दुसऱ्या दिवशी १२५, तिसऱ्या दिवशी २५०. गव्हासाठी अर्धी पोळी, दीड, मग तीन. लसूण पाव पाकळी, अर्धी, एक. कांदा शिजवलेला एक मोठा चमचा, दोन, मग अर्धा कांदा. गहू, कांदा, लसूण तिन्ही फ्रुक्टॅनचेच, तरी तिघांची चाचणी वेगवेगळी करा. गहू सोसतो पण लसूण नाही, असं बऱ्याचदा निघतं. गॉससाठी तुम्ही रोज खाता तेच वरण घ्या, लसणाशिवाय: चार चमचे, अर्धी वाटी, एक वाटी. फ्रुक्टोजसाठी मध एक छोटा चमचा, दोन, तीन, किंवा हंगामात आंब्याच्या दोन फोडी, अर्धा आंबा, एक आंबा. मॅनिटॉलसाठी उकडलेलं रताळं, अर्ध्या वाटीपासून. सॉर्बिटॉलचे पदार्थ एरवी खात नसाल तर ती चाचणी सोडून द्या.

सुरुवात कशाने करायची? ज्याची सगळ्यात जास्त आठवण येते त्याने. बहुतेक मराठी घरांत ती पोळी असते, आणि पोळी परत आली की बाकीच्या चाचण्यांना धीर राहतो.

त्रास किंचित झाला तर दुसऱ्या दिवशी तेच प्रमाण पुन्हा घेऊन बघा. जोराची कळ किंवा जुलाब झाले तर चाचणी तिथेच थांबवा, पोट पूर्ण शांत होईपर्यंत, निदान तीन दिवस, थांबा. वहीत आधीचं सोसलेलं प्रमाण लिहा, ती तुमची मर्यादा. दूध उत्तम पचलं तरी सगळ्या चाचण्या संपेपर्यंत ते रोजच्या जेवणात आणू नका, नाहीतर गव्हाच्या चाचणीत झालेला त्रास गव्हाचा की दुधाचा, हा घोळ पुन्हा सुरू. पाळीच्या आठवड्यात, प्रवासात, अँटिबायोटिक चालू असताना चाचणी नको.

पायरी ६: स्वतःचं ताट

आता वहीत समजा असं दिसतं: दूध एक कप चालतं, दीड पोळी चालते, तीन नाही, लसूण अर्ध्या पाकळीच्या पुढे नाही, कांदा अजिबात नाही, वरण अर्धी वाटी. मग दुपारी दीड पोळी आणि रात्री भाकरी किंवा भात. वरण दुपारीच, रात्री नको. स्वयंपाक सगळ्यांचा एकच होऊ शकतो: फोडणी लसणाच्या तेलाची, आणि कांदा हवा त्यांच्यासाठी वेगळा परतून वरून. दोन वेगळे स्वयंपाक करायची वेळ आली की हे पथ्य महिनाभरही टिकत नाही, आणि करणारी व्यक्ती वैतागते ते वेगळंच.

पुरणपोळीच्या दिवशी गहू आणि चणाडाळ एकत्र येतात. मर्यादा माहीत असल्या की तिथेही हिशेब जमतो: अर्धी पोळी तुपाबरोबर, आमटी नाही, आणि त्या दिवशी बाकीच्या जेवणात गहू-डाळ दोन्ही नाहीत. लॅक्टोज अजिबात न सोसणाऱ्यांना ते पचवणाऱ्या लॅक्टेजच्या गोळ्या मिळतात. पहिल्या घोटाबरोबर घ्यायच्या असतात, नंतर घेऊन उपयोग होत नाही.

जे सोसलं नाही ते कायमचं बंद समजू नका. तीन-चार महिन्यांनी तीच चाचणी सगळ्यात लहान प्रमाणापासून पुन्हा करा. आतड्याचा हळवेपणा बदलत राहतो, आणि पहिल्या वेळी न पचलेलं थोडं प्रमाण पुढच्या खेपेला चालून जातं, असं पुष्कळदा होतं.